रडारची बर्फावर नजर: हिमालयाच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोट सेन्सिंग शिकणारी मुलं, हिमालयात ट्रेकला जाणारी मंडळी आणि 'निसार' या रडार-उपग्रहाच्या बातम्या वाचून कुतूहल जागं झालेले वाचक फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. उदाहरणं मुख्यतः लाहौल, मनाली, गढवाल आणि सिक्कीमची आहेत, कारण भारतात बर्फ आणि रडार यांची गाठ तिथेच पडते. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, पुढची बरीचशी उत्तरं तिच्यातूनच निघतात: रडारला कोरडा बर्फ जवळपास दिसतच नाही. त्याला दिसतं ते बर्फातलं पाणी.

उपग्रहाच्या साध्या चित्रात बर्फ पांढराशुभ्र दिसतो. मग रडार कशाला?

बर्फ कुठे आहे आणि कुठे नाही, एवढंच हवं असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर खरंच नको. मोडिस हा सेन्सर रोज ५०० मीटरच्या चौकटीत बर्फ दाखवतो, आपल्या रिसोर्ससॅटवरचा एविफ्स कॅमेरा ५६ मीटरच्या. पद्धतही सोपी आहे. हिरव्या प्रकाशात बर्फ झळझळतो आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ काळा पडतो. या दोन्हींच्या फरकाला बेरजेने भागलं की एनडीएसआय हा निर्देशांक मिळतो, तो ०.४ च्या वर गेला की साधारणपणे बर्फ धरतात. ढग इन्फ्रारेडमध्येही उजळच राहतात, त्यामुळे ढग आणि बर्फ वेगळे काढता येतात.

पण ढग ओळखता आला म्हणून त्याच्या खालचं दिसत नाही. हिमालयात हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात, म्हणजे ज्या दिवशी बघायची खरी निकड असते नेमकं त्याच दिवशी वर झाकण. वितळण भरात येते तेव्हा दक्षिण उतारांवर मान्सूनचे ढग जमलेले असतात. रडार स्वतःच लहरी सोडतं आणि परत आलेल्या मोजतं, त्याला ढगांचं किंवा अंधाराचं सोयरसुतक नसतं. दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं: चित्रात कोरडा बर्फही पांढरा आणि वितळायला लागलेलाही पांढराच. हा फरक रडार सांगतं.

बर्फात गेल्यावर लहरीचं नेमकं काय होतं?

युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांची रडार लहर सुमारे साडेपाच सेंटीमीटर लांबीची आहे. इस्रोचे रिसॅट-१ आणि त्यानंतरचा ईओएस-०४ हेही याच सी-बँडमधले. बर्फाचा कण असतो मिलिमीटरच्या आसपासचा. एवढ्या लांब लहरीला एवढा बारीक कण जाणवतच नाही. त्यातून कोरड्या बर्फात बहुतेक जागा हवेचीच, म्हणून त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे पदार्थाचा रडार-लहरीवर किती परिणाम होतो याचं माप, दीड-दोनच्या आत राहतो. मच्छरदाणीतून वारा जावा तशी लहर आरपार जाते, खालच्या दगडमातीवर आपटते आणि परत येते. सी-बँडची लहर कोरड्या बर्फात वीसेक मीटरपर्यंत शिरू शकते. म्हणून जानेवारीत लाहौलमध्ये दीड-दोन मीटर बर्फ असला तरी रडारच्या चित्रात बऱ्याच अंशी त्याखालची जमीनच दिसते. 'बर्फ कुठे आहे?' असं विचारत विद्यार्थी चित्र मोठं करून करून पाहतात. बर्फ तिथेच असतो, दिसत नसतो.

आता एप्रिलचं ऊन लागलं आणि कणांभोवती पाण्याचा पातळ थर आला, की सगळं पालटतं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या पुढे. बर्फात दोन-तीन टक्के पाणी मिसळलं तरी लहर पहिल्या काही सेंटीमीटरांतच शोषली जाते. काही भाग गुळगुळीत ओल्या पृष्ठभागावरून पलीकडे निसटतो आणि उपग्रहाकडे फारच थोडी ऊर्जा परतते. ओला बर्फ चित्रात काळपट दिसतो तो यामुळे.

मग ओल्या बर्फाचा नकाशा कसा करतात?

दोन तारखांची तुलना करून. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २००० साली मांडलेली पद्धत थोड्याफार फरकाने आजही सगळीकडे चालते. एक संदर्भ प्रतिमा घ्यायची, ज्या दिवशी बर्फ कोरडा आहे किंवा मुळीच नाही अशा दिवसाची. दुसरी आजची. दोन्ही एकाच कक्षेतून घेतलेल्या हव्यात. परत आलेली ऊर्जा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घटली असेल तर तिथे ओला बर्फ. मूळ मर्यादा उणे ३ डेसिबल होती, सेंटिनेलसाठी बरेच जण उणे २ वापरतात.

हाताने करून पाहू. समजा, लाहौलमधल्या कोकसरच्या वर ४,००० मीटरवर एक उतार आहे. जानेवारीत तिथून उणे ९ डेसिबल परावर्तन आलं, मेमध्ये त्याच कक्षेतून उणे १५. फरक उणे ६. तीन डेसिबलची घट म्हणजे ऊर्जा निम्मी, सहाची म्हणजे चौथाई. मर्यादा केव्हाच ओलांडली, तेव्हा इथे ओला बर्फ. त्याच दिवशी वर ५,५०० मीटरवर फरक जेमतेम उणे अर्धा डेसिबल असेल, तर तिथला बर्फ अजून कोरडा आहे किंवा तिथे बर्फच नाही. या दोन शक्यतांतली कोणती खरी, हे एकटं रडार सांगू शकत नाही. उंचीचा नकाशा घेऊन 'ओल्या पट्ट्याच्या वर जे आहे ते कोरडा बर्फ' असं धरतात, नाहीतर निरभ्र दिवसाच्या ऑप्टिकल चित्राचा आधार घेतात. दुसरं बरं, कारण वाऱ्याने बर्फ उडवून नेल्याने उघड्या पडलेल्या हिमालयातल्या धारा पहिल्या गृहीतकात बसत नाहीत.

फसवणूक करणाऱ्या जागाही माहीत हव्यात. शांत तळ्याचं पाणीही काळंच दिसतं, तेव्हा तळी आधीच वगळून टाकावीत. उन्हाळा सरता सरता ओल्या बर्फाचा पृष्ठभाग खाचखळग्यांचा होतो आणि परावर्तन पुन्हा वाढतं. मग ओला बर्फ असूनही तो मर्यादेत सापडत नाही. देवदारच्या दाट जंगलात तर लहर झाडांवरूनच परतते. तिथला नकाशा कोरा ठेवावा.

एकाच दिवसाच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रतिमा वेगळ्या का येतात?

सेंटिनेल-१ उपग्रह पहाट-सांज कक्षेत फिरतात, म्हणजे स्थानिक वेळेनुसार सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास वरून जातात. रात्रभर गोठलेला बर्फ सकाळी वरवर कोरडा झालेला असतो, संध्याकाळी दिवसभराच्या उन्हाने ओला. सुरुवातीच्या वितळणीच्या दिवसांत हा फरक ठळक असतो. दोन्ही वेळा ओलं दिसायला लागलं की समजावं, आता रात्रीही बर्फ पुरता गोठत नाहीये. नदीच्या पाण्याचा अंदाज बांधणाऱ्याला ही खूण फार उपयोगाची. सकाळ-संध्याकाळच्या प्रतिमा एकत्र कालवून एकच सरासरी काढणं ही मात्र सर्रास होणारी चूक आहे. दोन्हींची दिशा वेगळी, वेळ वेगळी. संदर्भ प्रतिमाही वेगवेगळ्याच घ्याव्यात.

युरोपात चांगली चालणारी पद्धत हिमालयात का अडखळते?

डोंगरांमुळे. रडार सरळ खाली पाहत नाही, तिरकं पाहतं; सेंटिनेलच्या नेहमीच्या मोडमध्ये साधारण २९ ते ४६ अंशांच्या कोनात. रडारच्या दिशेला तोंड असलेला उतार या कोनापेक्षा उभा असला, तर शिखरावरचा प्रतिध्वनी पायथ्याच्या आधी पोचतो आणि डोंगर चित्रात उपग्रहाच्या बाजूला कोसळल्यासारखा दिसतो. याला लेओव्हर म्हणतात. तिथे पायथा, उतार आणि शिखर एकाच पिक्सेलमध्ये कोंबलेले असतात, त्यातून बर्फाचं काहीच निघत नाही. मागच्या बाजूच्या खूप उभ्या उताराला लहर पोचतच नाही, ती रडारची सावली. आल्प्समध्येही हा त्रास आहे, पण हिमाचलातल्या चंद्रा किंवा पार्वती नदीच्या खोऱ्यात कडे ज्या मापाचे आहेत त्या मापाने तो वाढतो. उत्तरेकडे जाणाऱ्या आणि दक्षिणेकडे येणाऱ्या अशा दोन्ही फेऱ्यांच्या प्रतिमा जोडून बरंच भरून काढता येतं, सगळं नाही. नकाशावर लेओव्हर आणि सावलीचे भाग करड्या रंगात वेगळे दाखवलेले नसतील, तर त्या नकाशावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पवईच्या आयआयटी मुंबईत या प्रश्नांवर बराच काळ काम झालं आहे. तिथल्या अभ्यासकांनी एन्व्हिसॅट या जुन्या युरोपीय उपग्रहाच्या रडारवरून हिमालयातल्या बर्फाच्या ओलाव्याचे अंदाज काढले. बर्फ न पडणाऱ्या मुंबईत बसून बर्फाचा अभ्यास, यात नवल वाटायचं कारण नाही. प्रतिमा कुठेही बसून तपासता येतात, ताडून पाहायला मात्र डोंगरावर जावंच लागतं.

बर्फाची जाडी किंवा त्यातलं पाणी रडारने मोजता येतं का?

सगळ्यांना हवं असलेलं उत्तर हेच, आणि उपग्रहाला सगळ्यात जड जाणारंही हेच. आधी हिशेब समजून घेऊ. धरणाला बर्फाची जाडी नको असते, वितळल्यावर पाणी किती येणार ते हवं असतं. एक मीटर ताज्या भुसभुशीत बर्फाची घनता घनमीटरला १०० किलो धरली तर पाणी निघतं १०० मिलिमीटर. तोच एक मीटर वसंतात दबून ४०० किलोचा झाला असेल तर ४०० मिलिमीटर. जाडी तीच, पाणी चौपट.

रडारचे तीन मार्ग आहेत. पहिला, लहान लहरीचा: पावणेदोन ते अडीच सेंटीमीटरच्या केयू-बँडला कोरड्या बर्फाचे कण जाणवतात, त्यामुळे बर्फ वाढला की परावर्तन वाढतं. युरोपचा असा खास बर्फासाठीचा कोरएचटूओ नावाचा उपग्रह २०१३ मध्ये अंतिम निवडीत मागे पडला आणि जंगलांचा बायोमास उपग्रह निवडला गेला. बर्फवाल्यांना ते अजून बोचतं. दुसरा मार्ग सेंटिनेलच्या आडव्या-उभ्या ध्रुवीकरणातल्या (म्हणजे लहरीच्या कंपनाच्या दिशेतल्या) फरकावरून खोल बर्फाची जाडी काढण्याचा. एक मीटरच्या वरच्या कोरड्या डोंगरी बर्फात त्याचे निकाल आशादायक आहेत, पण असं का घडतं यावर अजून वाद आहे.

तिसरा मार्ग मला सर्वांत पटतो. कोरड्या बर्फातून जाताना लहर किंचित मंदावते आणि वळते, म्हणून तिला परतायला नेहमीपेक्षा कणभर जास्त वेळ लागतो. दोन तारखांच्या लहरींची कला, म्हणजे फेज, ताडून पाहिली की मधल्या काळात किती पाण्याइतका बर्फ साचला ते कळतं. गंमत आहे ती लहरीच्या लांबीत. कला एक पूर्ण फेरा फिरली की ती पुन्हा शून्यावर येते आणि मोजदाद चुकते. सेंटिनेलच्या लहरीत हा फेरा सुमारे २७ मिलिमीटर पाण्याला पुरा होतो, म्हणजे फूटभरही नसलेल्या ताज्या बर्फाला. पीरपंजाळात एका झंझावातात याहून कितीतरी जास्त बर्फ पडतो. चोवीस सेंटीमीटरच्या एल-बँड लहरीत तोच फेरा सुमारे १२० मिलिमीटरला पुरा होतो.

म्हणजे 'निसार'ने हा प्रश्न सुटेल?

सोपा होईल, सुटेल असं मी म्हणणार नाही. नासा आणि इस्रोचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ ने गेला. त्यावर नासाचं एल-बँड आणि इस्रोचं सुमारे ९ सेंटीमीटर लहरीचं एस-बँड अशी दोन रडारं आहेत आणि दोन्हींना बारा मीटर व्यासाचा एकच परावर्तक पुरतो. बारा दिवसांनी तो त्याच जागी येतो. एल-बँडमुळे फेजचा हिशेब लवकर चुकत नाही, जंगलातूनही थोडंफार दिसतं. शिवाय सेंटिनेल उजवीकडे पाहतो आणि निसार डावीकडे, त्यामुळे दोन्ही जोडून वापरायला चांगले.

पण बारा दिवस हा हिमालयात मोठा काळ आहे. मध्ये एकदा जरी बर्फ ओला झाला तरी दोन प्रतिमांमधलं साम्य तुटतं आणि फेज निरर्थक होते. म्हणून हा मार्ग उंचावरच्या, थंड, कोरड्या बर्फाला लागू. लडाख आणि स्पितीत जमेल, मनालीच्या वरच्या उतारांवर मार्चनंतर अवघड.

जमिनीवरून किंवा हेलिकॉप्टरमधून रडार वापरतात ते कसं?

ते ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजे जीपीआर. स्लेजवर ठेवून ओढतात किंवा हेलिकॉप्टरखाली बांधतात. लहर सोडायची, ती बर्फाच्या तळाशी आपटून परत यायला किती नॅनोसेकंद लागले ते मोजायचं. घनमीटरला ३५० किलो घनतेच्या कोरड्या बर्फात लहर नॅनोसेकंदाला सुमारे २३ सेंटीमीटर जाते. जाऊन-येऊन साधारण १७ नॅनोसेकंद लागले तर बर्फ दोन मीटर जाड. घनता मोजायला शेजारी एक खड्डा खणावाच लागतो, नाहीतर वेगाचा अंदाजच चुकतो.

हिमालयात हे काम प्रामुख्याने संरक्षण खात्याच्या संस्थेने केलं. मनालीत १९६९ मध्ये सुरू झालेली 'सासे' ही हिमस्खलन संशोधन संस्था २०२० मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेत विलीन होऊन 'डीजीआरई' झाली. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वर तर रडार जमिनीत पुरून बर्फाकडे खालून पाहतात. वरून साचत जाणारा प्रत्येक थर आणि वितळलेलं पाणी खाली कुठवर झिरपलं, हे त्यात तासातासाला दिसतं.

हिमस्खलनाची सूचना रडार आधी देतं का?

आधी नाही, पण सुटल्याबरोबर देतं. उत्तर सिक्कीममध्ये १५,००० फुटांवर सप्टेंबर २०२२ मध्ये लष्कर आणि डीजीआरईने देशातलं पहिलं हिमस्खलन-रडार बसवलं. समोरच्या सुमारे दोन चौरस किलोमीटर उतारावर ते अखंड लहरी सोडत असतं. बर्फ घसरायला लागला की तीन सेकंदांच्या आत त्याला कळतं आणि भोंगा वाजवता येतो. खालच्या चौकीला हाताशी मिळणारा वेळ थोडाच, पण धुक्यात, रात्रीही मिळणारा.

उपग्रह नंतरची नोंद करतो. कोसळलेल्या बर्फाचे ढेकूळ खडबडीत असल्याने रडारच्या चित्रात उजळ जिभेसारखा पट्टा उमटतो. नॉर्वेत सेंटिनेलवरून हे आपोआप टिपलं जातं आणि पूर्वसूचना देणारे लोक ते रोजच्या कामात वापरतात.

शोधकार्यातही रडार येतं. चमोली जिल्ह्यात माणाजवळ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला. ५४ जण त्यात अडकले होते, ४६ वाचले, आठ गेले. शेवटच्या बेपत्ता मजुरांच्या शोधासाठी हेलिकॉप्टरने जीपीआर नेलं होतं.

हवामान खात्याचं डॉप्लर रडार हेच काम करतं का?

नाही. कुफरी, मुक्तेश्वर, सुरकंडा देवी इथली रडारं आकाशातला पाऊस आणि पडता बर्फ पाहतात. पडून गेलेला बर्फ त्यांचं क्षेत्र नाही.

रडारच्या लहरींनी बर्फ वितळतो का?

नाही. सेंटिनेल-१ च्या स्पंदाची कमाल शक्ती सुमारे चार किलोवॉट, तीही जवळपास ७०० किलोमीटर वरून, शेकडो किलोमीटर रुंद पट्ट्यावर पसरलेली आणि क्षणभरच. दुपारचं ऊन एका चौरस मीटरलाच किलोवॉटच्या घरात ऊर्जा देतं.

महाराष्ट्राला याचं काय? आपल्या नद्या काही बर्फाच्या नाहीत.

खरं आहे, गोदावरी-कृष्णेत बर्फाचा थेंब नाही. सतलजची गोष्ट वेगळी: भाक्रा धरणात वर्षभरात येणाऱ्या पाण्यात बर्फ आणि हिमनद्यांचा वाटा सरासरी ५९ टक्के असल्याचं एका अभ्यासात निघालं होतं. पंजाब-हरियाणाच्या कालव्यांना आणि जलविद्युत प्रकल्पांना एप्रिलमध्येच वितळरेषा कुठवर चढली ते हवं असतं.

आपला धागा मान्सूनचा. दख्खनला १८७६-७८ च्या दुष्काळाने होरपळल्यावर सरकारने हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे आगाऊ अंदाज मागितला. १८८४ मध्ये त्यांनी मांडलं की हिमालयात बर्फ जास्त तर पुढचा मान्सून कमजोर. या आधारावर १८८६ मध्ये देशाचा पहिला दीर्घकालीन अंदाज निघाला. शंभर वर्षांनी, १९८८ च्या सोळा घटकांच्या प्रसिद्ध मॉडेलमध्येही हिमालय आणि युरेशियाचं बर्फाच्छादन होतं. हे नातं पुढे डळमळीत निघालं, कधी जुळतं, कधी नाही. पण ब्लॅनफर्डना बर्फाची माहिती डोंगरातल्या ठाण्यांवरून येणाऱ्या तुटक नोंदींतून गोळा करावी लागायची, हे लक्षात घेतलं की त्यांची हिंमत जाणवते.

ट्रेकला निघण्याआधी ओल्या बर्फाचा नकाशा पाहून ठरवू का?

नका ठरवू. नकाशा काही दिवस जुना असतो, तुमची वाट लेओव्हरमध्ये असू शकते आणि वाऱ्याने साचलेल्या कोरड्या बर्फाचा धोका त्यात दिसतच नाही. डीजीआरईचं हिमस्खलन-पत्रक आणि स्थानिक प्रशासनाचा इशारा पाहा. ओल्या पट्ट्यावरून फार तर एवढं कळेल की मेमध्ये खिंड ओलांडायची तर पहाटे, गोठलेल्या बर्फावरूनच. आणि ते तुमचा स्थानिक गाइड नकाशा न बघताही सांगेल.

स्वतः करून पाहायचं तर सुरुवात कुठून करू?

सेंटिनेलचा डेटा कोपर्निकसच्या पोर्टलवर फुकट आहे, तो उघडायचं स्नॅप हे सॉफ्टवेअरही. साधा लॅपटॉप असेल तर गूगल अर्थ इंजिनवर काम करा, नाहीतर एकेका गिगाबाइटच्या फायली उतरवण्यातच आठवडा जाईल. इस्रोचा डेटा भूनिधी पोर्टलवर मिळतो.

पहिला सराव चंद्रा खोऱ्यावर करा. जानेवारीची आणि मेमधली संध्याकाळची प्रतिमा, दोन्हींचा सापेक्ष कक्षा क्रमांक, म्हणजे उपग्रहाच्या ठरलेल्या फेरीचा क्रमांक, एकच. रडारच्या चित्रातला दाणेदारपणा, म्हणजे स्पेकल, आधी गाळून घ्या, मग वजाबाकी. हा क्रम उलटा केलात तर नकाशा भुरभुरलेल्या मिठासारखा येतो. उणे दोनच्या खालचे पिक्सेल निळे रंगवा, तळी आणि लेओव्हर वगळा, वर उंचीच्या समोच्च रेषा टाका. निळा पट्टा रेषांना साधारण समांतर आला तर बरोबर चाललंय. तो दरीच्या एकाच बाजूला चिकटून बसला असेल तर बर्फाला दोष देण्याआधी कक्षा क्रमांक पुन्हा तपासा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.